फातिमा : नावाचा अर्थ, इतिहास आणि कागदावरची एक काळजी

जून महिन्यात शाळा सुरू झाली की पहिले आठ-दहा दिवस आम्हा शिक्षकांचे हजेरीपत्रक लिहिण्यातच जातात. मागे एका वर्षी पाचवीच्या एकाच तुकडीत चार फातिमा आल्या. दाखले समोर ठेवून नावं लिहायला घेतली तर एकीच्या दाखल्यावर 'फातिमा', दुसरीच्या 'फातेमा', तिसरीच्या 'फातमा' आणि चौथीच्या चक्क 'फाटिमा'. चौथीला वर्गातली पोरं काय म्हणून चिडवत असतील ते सांगायला नको. गंमत म्हणजे चौघीही संध्याकाळी मदरशात जाणाऱ्या. त्यांना आम्ही फळ्यावर उर्दूत नाव लिहायला सांगितलं, तर चौघींनी अगदी एकसारखं लिहिलं. फे, अलिफ, तोय, मीम, हे. एका अक्षराचाही फरक नाही.

चौथीची अम्मी शाळेत आली तेव्हा म्हणाली, "टीचर, नावच बदलून टाका ना. जुनं वाटतं तिला. मोबाईलवर बघितलीयत आम्ही दोन-तीन नवीन नावं." आम्ही विचारलं, हे नाव कुणी ठेवलं होतं? "तिच्या दादीनं. दादीच्या सासूचं नाव होतं." आणि अर्थ? त्यावर ती गप्प बसली.

तिचा दोष नाही. हे नाव आपल्या कानाला इतकं सवयीचं आहे की त्याचा अर्थ विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. म्हणून आज या एका नावाविषयी थोडं सविस्तर सांगतो. आणि शेवटी, हे नाव कागदावर नीट कसं टिकवायचं, तेही.

अर्थ काय?

'फातिमा' हा शब्द अरबीतला. अरबी शब्द बहुतेक तीन अक्षरांच्या मुळापासून तयार होतात. या नावाचं मूळ आहे फे-तोय-मीम. त्याचा अर्थ, बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. उर्दूत आपण 'दूध छुडाना' म्हणतो तेच. अरबीत दूध तोडण्याला 'फिताम' म्हणतात आणि दूध सुटलेल्या बाळाला 'फतीम'. व्याकरणाच्या हिशेबाने 'फातिमा' म्हणजे दूध तोडणारी, वेगळं करणारी.

पहिल्यांदा ऐकताना हा अर्थ जरा विचित्र वाटतो. पण जुन्या काळाचा विचार करा. त्या काळी कितीतरी बाळं दुधावरच दगावत. ज्या बाळाचं दूध सुटलं, जे बाहेरचं अन्न खाऊ लागलं, ते जगलं असं समजायचं. म्हणजे या नावात सुखरूप पुढच्या टप्प्यावर गेल्याची भावना आहे. कुरआनात सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याचा पूर्ण काळ दोन वर्षं सांगितलाय, आणि त्याआधी दूध तोडायचं असेल तर आई-बाप दोघांनी एकमेकांच्या संमतीनं, सल्लामसलत करून ठरवावं असंही सांगितलंय. आयतीत दूध तोडण्यासाठी शब्द मात्र 'फिसाल' आला आहे. आणि 'फातिमा' हे नाव कुरआनात कुठेच नाही. कुरआनात नावानं उल्लेख झालेली बाई एकच, हजरत मरियम (अलै.).

पुष्कळ घरांत या नावाचा आणखी एक अर्थ सांगतात : जिला जहन्नमच्या आगीपासून दूर ठेवलं गेलं ती. 'वेगळं करणं' या मूळ अर्थावरूनच तो निघाला. पण ज्या रिवायतीच्या आधारानं हे सांगतात तिला मुहद्दिसांनी कमजोर ठरवलंय. तेव्हा मुलीला अर्थ सांगताना भाषेतला अर्थ आधी सांगावा.

इस्लामच्या आधीपासूनचं नाव

हे नाव प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या लेकीपासून सुरू झालं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्रेषितांच्या सख्ख्या दादीचं, म्हणजे अब्दुल्लाह यांच्या आईचं नाव फातिमा बिन्त अम्र होतं. हजरत अली (रजि.) यांच्या आईचं नाव फातिमा बिन्त असद. प्रेषित लहानपणी पोरके झाले तेव्हा चाचा अबू तालिब यांच्या घरात याच बाईंनी त्यांना मायेनं वाढवलं. हजरत उमर (रजि.) यांच्या बहिणीचं नावही फातिमा. संतापून तलवार घेऊन निघालेले उमर ज्या बहिणीच्या घरी कुरआन ऐकून बदलले, ती हीच फातिमा बिन्त खत्ताब.

त्या काळी घराण्यात इतक्या फातिमा होत्या की त्यांचं अनेकवचनच वापरात होतं, 'फवातिम'. सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. प्रेषितांना भेट आलेलं रेशमी वस्त्र त्यांनी हजरत अलींना दिलं आणि त्याच्या ओढण्या करून 'फवातिम'मध्ये, म्हणजे घरातल्या फातिमांमध्ये वाटायला सांगितलं. आमच्या वर्गातल्या चार फातिमांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या खूप हसल्या. वर्गात एकाच नावाच्या चौघी असणं काही आजचं नाही, हे त्यांना पटलं.

ज्यांच्यामुळे नाव घरोघरी गेलं

तरीही हे नाव घराघरांत पोचलं ते हजरत फातिमा (रजि.) यांच्यामुळेच. प्रेषित (सल्ल.) आणि हजरत खदीजा (रजि.) यांची ही लेक. हिजरतीनंतर मदिन्यात त्यांचा निकाह हजरत अलींशी झाला. हसन, हुसैन, जैनब आणि उम्मे कुलसूम ही त्यांची मुलं. 'जहरा' म्हणजे तेजस्वी आणि 'बतूल' म्हणजे दुनियेपासून अलिप्त राहून इबादत करणारी, हे त्यांचे लकब. आपल्याकडच्या जहरा, बतूल या नावांचं मूळ हेच.

त्यांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी आम्हाला मुलींना सांगाव्याशा वाटतात. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की फातिमा घरी आल्या की प्रेषित स्वतः उठून उभे राहत, त्यांचं चुंबन घेत आणि आपल्या जागेवर बसवत. मुलगी जन्माला येणं कमीपणाचं मानणाऱ्या समाजात एक बाप आपल्या लेकीसाठी उठून उभा राहतो, हे लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट कष्टाची. जातं ओढून त्यांच्या हाताला घट्टे पडले होते. घरकामाला कुणी मदतनीस मिळावा म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. प्रेषितांनी त्यांना मदतनीसाऐवजी झोपण्यापूर्वी म्हणायची तसबीह शिकवली : ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर. आजही आपल्या नानी-दादी 'तसबीह-ए-फातिमा' म्हणतात ती हीच. प्रेषितांच्या वफातीनंतर साधारण सहा महिन्यांनी, हिजरी ११ मध्ये, त्यांचा इंतकाल झाला.

आणि निकाहच्या वेळी काझीसाहेब 'मेहर-ए-फातमी' म्हणतात, तेही त्यांच्याच नावानं. आपल्याकडचे उलमा हा मेहर १३१ तोळे ३ मासे, म्हणजे साधारण १५३१ ग्रॅम चांदी धरतात. आपली जिरह म्हणजे चिलखत विकून हजरत अलींनी मेहर दिला, असं सांगतात. वराकडून वधूला द्यायची ही रक्कम आहे, हे हुंडा मागणाऱ्यांनी लक्षात ठेवलेलं बरं.

नावाचा प्रवास

हे नाव जिथे गेलं तिथल्या जिभेनं त्याला आपलं रूप दिलं. तुर्कस्तानात ते फात्मा झालं, इराणात फातेमे. सेनेगल आणि मालीत फातूमाता, लाडानं फातू. मलेशिया-इंडोनेशियात सिती फातिमा. केरळात घरगुती बोलीत पात्तुम्मा. वैकम मुहम्मद बशीर यांची 'पात्तुम्माची बकरी' ही मल्याळम कादंबरी १९५९ सालची, आणि त्यातली पात्तुम्मा म्हणजे लेखकाची बहीणच.

इतिहासात एका मोठ्या राजवटीलाही हे नाव आहे. इ.स. ९०९ मध्ये उत्तर आफ्रिकेत सुरू झालेली फातिमी खिलाफत ११७१ पर्यंत टिकली. काहिरा शहर त्यांनीच वसवलं. तिथल्या जामिया अल-अझहरचं नाव 'जहरा' या लकबवरून पडलं, असं मानतात. आपल्या मुंबईतले दाऊदी बोहरा बांधव आपली परंपरा याच फातिमी इमामांशी जोडतात. त्यांच्याकडे 'फातेमा' हे रूप जास्त दिसतं.

मोरोक्कोच्या फेस शहरातल्या करविय्यीन मशिदीची आणि मदरशाची पायाभरणी फातिमा अल-फिहरी या बाईंनी वारशात मिळालेल्या पैशातून इ.स. ८५९ मध्ये केली, अशी परंपरा आहे. आज ते विद्यापीठ आहे आणि जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांमध्ये त्याची गणना होते.

आणखी एक प्रश्न मुलं हमखास विचारतात : ख्रिश्चन शाळांचं नाव 'फातिमा' कसं? पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं गाव आहे. त्या देशावर एके काळी मुसलमानांचं राज्य होतं, आणि गावाचं नाव अरबीतूनच आलेलं आहे. १९१७ साली तिथल्या तीन गुराखी मुलांना माता मरियमचं दर्शन झालं, अशी कॅथलिक लोकांची श्रद्धा आहे. त्यावरून गोवा, मुंबईकडच्या अनेक चर्च आणि शाळांना 'अवर लेडी ऑफ फातिमा' हे नाव मिळालं. आपल्या लेकीचं नाव असं दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेतही जाऊन बसलंय.

आपल्या देशातल्या फातिमा

'जुनं नाव' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जरा ही नावं बघावीत. १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट दिग्दर्शित करणाऱ्या फातिमा बेगम या भारतातल्या पहिल्या महिला चित्रपट दिग्दर्शक. 'आलम आरा'ची नायिका जुबेदा ही त्यांचीच लेक. केरळच्या एम. फातिमा बीवी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. पत्रकार म्हणून नाव कमावून पुढे औरंगाबादच्या मौलाना आझाद शिक्षणसंस्थांचा कारभार सांभाळणाऱ्या फातिमा झकेरिया यांना २००६ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि पुण्याच्या फातिमा शेख. सावित्रीबाई फुले यांच्या सोबतीनं मुलींना शिकवणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. फुले दाम्पत्याला घर सोडावं लागलं तेव्हा आसरा देणाऱ्या उस्मान शेख यांची ही बहीण, असं सांगितलं जातं. २०२२ च्या ९ जानेवारीला गुगलनं त्यांचं डूडल केलं तेव्हा आपल्या कितीतरी मुलींनी ते मोबाईलवर स्टेटसला ठेवलं होतं. पण २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर एक दावा फिरला, की फातिमा शेख नावाची कुणी बाई नव्हतीच, हे पात्र बनवलेलं आहे.

त्या वादात अभ्यासकांनी पुढे काय ठेवलं? एक पत्र. आजारपणामुळे माहेरी नायगावला गेलेल्या सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेलं. त्यात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे. आपण नसताना तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाची. बस्स, एवढंच. नावापुढे आडनाव नाही, पत्ता नाही.

आम्ही तेव्हा वर्गात मुलींना एकच सांगितलं. एका बाईनं आयुष्यभर काम केलं असेल, पण पावणेदोनशे वर्षांनी ती 'होती' हे सांगायला कागदावरचं तिचं नावच उपयोगी पडलं. म्हणून आपलं नाव कागदावर काय लिहिलंय, ते नीट वाचा.

एकाच नावाची इतकी रूपं का?

आता मुद्द्यावर येऊ. उर्दूत जबर, जेर, पेश हे स्वर सहसा लिहीत नाहीत. 'तोय'खाली जेर आहे हे वाचणाऱ्याला माहीत असतं, लिहायची गरज नसते. म्हणून कोकणात 'फातमा' म्हणा, मराठवाड्यात 'फातेमा' म्हणा, उर्दू कागदावर नाव तेच राहतं. मराठीत तसं चालत नाही. इथे वेलांटी द्यायची की मात्रा, हे लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. आणि लिहिणारा ठरवतो ऐकून. दवाखान्यातली नर्स, ग्रामपंचायतीतले ग्रामसेवक, शाळेतले क्लार्क, आधार केंद्रावरचा मुलगा, ज्याला जसं ऐकू आलं तसं.

इंग्रजीनं त्यात भर घातली. इंग्रजीतल्या 'टी' अक्षराचा आपण त करतो, संगणक कधी कधी ट करतो. नाव आधी इंग्रजीत टाइप झालं आणि संगणकानं ते मराठीत आणलं की फातिमाची 'फाटिमा' होते. दक्षिणेकडे त साठी 'टी' पुढे 'एच' लावतात, त्यामुळे तिकडून आलेल्या कागदांवर तिसरंच स्पेलिंग असतं. यातलं कुठलंही रूप 'चूक' म्हणून तुम्हाला कुणी अडवलं तर वाद घालता येईल. पण एकाच मुलीच्या चार कागदांवर चार रूपं असतील तर तिथे वाद चालत नाही. शिष्यवृत्ती अडते, बँक खातं अडतं, पासपोर्ट अडतो.

दुसरी अडचण जोडनावांची. नूर फातिमा, आयेशा फातिमा, कनीज फातिमा अशी नावं आपण ठेवतो. मराठी फॉर्मात मात्र रकाने असतात : स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग 'फातिमा' कधी वडिलांच्या रकान्यात जातं, कधी आडनाव होतं, कधी गळूनच जातं. कनीज म्हणजे दासी, सेविका. 'कनीज फातिमा' म्हणजे हजरत फातिमांची सेविका. यातलं फातिमा गळलं तर मुलीच्या दाखल्यावर उरतं नुसतं 'कनीज'. नाव ठेवणाऱ्या दादीच्या मनात काय होतं, आणि कागदावर काय आलं!

पालकांनी काय करावं?

बाळाचं नाव अकीक्याच्या दिवशी ठरलं की त्याच दिवशी घरातल्या शिकलेल्या माणसानं ते एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवावं. घरात जे रूप बोलता तेच लिहा, पण एकच. जन्मनोंदणीसाठी जाताना तो कागद सोबत न्या. तोंडी सांगू नका. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. तेव्हा नाव ठरलं नसेल तर नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंतचा मुख्य पुरावा आहे. त्यामुळे तिथली चूक पुढे सगळीकडे जाते.

जोडनाव असेल तर पूर्ण नाव पहिल्याच रकान्यात लिहा. दाखला हातात पडला की काउंटरवर उभं राहूनच वाचा. आधार कार्डावर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणून आधी जन्मदाखला दुरुस्त करा, मग त्याप्रमाणे आधार.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चूक असेल तर मुलगी त्या शाळेत शिकत आहे तोवरच मुख्याध्यापकांकडे पुराव्यांसह अर्ज द्या. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. दहावीला बोर्डाकडून प्री-लिस्ट येते, ती मुलीला स्वतः तपासायला सांगा. घाईत सही करू देऊ नका.

आणि आयांनो, आता तुमच्या नावाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आईच्या आधारवर फातेमा आणि दाखल्यावर फातिमा असेल, तर तो घोळ आता बाळाच्या नावातही येणार. आजवर 'आमचं काय, घरातच तर आहोत' म्हणून ज्या बहिणींनी आपले कागद तसेच ठेवले, त्यांनी आता ते बाहेर काढावेत.

आमच्या त्या चौथ्या मुलीचं काय झालं? तिच्या जन्मदाखल्यावर नाव बरोबर होतं, चूक आधीच्या शाळेत झाली होती. अर्ज केला, जन्मदाखल्याची प्रत जोडली, शिक्षण विभागाची मंजुरी यायला काही महिने गेले. दरम्यान तिच्या अम्मीला आम्ही फवातिमची, जात्याची आणि त्या पत्राची गोष्ट सांगितली होती. नवीन नावाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. दुरुस्ती झाली त्या दिवशी मुलीला ऑफिसात बोलावून रजिस्टर दाखवलं. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, मग विचारलं, "टीचर, आता अम्मीचं पण करून देता का? तिच्या कार्डावर 'फतीमा' आहे."

आई-लेकीचं नाव एकच होतं, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. तिच्या अम्मीला तालुक्याच्या आधार केंद्राचा पत्ता लिहून दिला. तुमच्याही घरात एखादी फातिमा असेलच. आज मगरिबनंतर थोडा वेळ काढा, पेटीतले कागद बाहेर काढा आणि तिचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का ते तिच्याच तोंडून वाचून घ्या.